रोटेनबुर्ग : एका घोटाची गोष्ट आणि दोन गल्ल्या

आज आपण दक्षिण जर्मनीत, बायर्न प्रांतात, टाउबर नदीच्या काठच्या टेकडीवर वसलेल्या रोटेनबुर्ग या छोट्या तटबंदीच्या गावाकडे वळतो आहोत. तट, बुरूज, वेशी, उतरत्या कौलांची घरं, सगळं चित्रात काढल्यासारखं. पण आमचा आजचा विषय गावाचं सौंदर्य नाही. हे गाव स्वतःबद्दल दरवर्षी एक नाटक करतं, त्या नाटकाची समीक्षा हा आमचा विषय आहे.

नाटकाचं नाव 'माइस्टरट्रुंक', म्हणजे साधारणपणे 'बहाद्दराचा घोट'. लिहिणारा आडाम ह्योर्बर, गावातलाच एक काचकाम करणारा कारागीर. पहिला प्रयोग १८८१ साली झाला. कथानक असं : तीस वर्षांचं युद्ध चालू आहे. १६३१ च्या ऑक्टोबरात कॅथलिक सेनापती टिली हे प्रोटेस्टंट गाव जिंकतो. विरोध केला म्हणून नगरसभासदांना मृत्युदंड फर्मावतो आणि नगराध्यक्षालाच जल्लादाला बोलवायला पाठवतो. तेवढ्यात त्याला सव्वातीन लिटरचा भलाथोरला पेला भरून वाइन दिली जाते. पेला पाहून टिलीची कळी खुलते. तो म्हणतो, तुमच्यातल्या एकाने हा एका दमात रिकामा केला तर सगळ्यांना माफी. माजी नगराध्यक्ष गेओर्ग नुश पुढे येतो, पेला तोंडाला लावतो, संपवतो. गाव वाचतं.

आता नाटक म्हणून बघा. रचना चांगली आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो, तरी पेला वर गेला की सभागृह श्वास रोखतं. शिवाय प्रयोग होतो तो खुद्द नगरभवनाच्या दिवाणखान्यात, गावातल्याच माणसांकडून. पेंटेकॉस्टच्या सणाला अख्खं गाव सतराव्या शतकातले कपडे घालून रस्त्यावर उतरतं. ही नुसती पर्यटकांसाठीची करमणूक नाही, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला सोहळा आहे. त्याची टवाळी आम्हाला करायची नाही.

पण मग इतिहासाचं काय? घोटाची ही गोष्ट १६३१ च्या समकालीन नोंदींत सापडत नाही. ती लिखित स्वरूपात येते शंभराहून अधिक वर्षांनी. टिलीने गाव घेतलं हे खरं, आणि गाव जाळलं गेलं नाही हेही खरं. मात्र 'वाचलं' म्हणावं अशी परिस्थिती नव्हती. लूट झाली, सैन्यांची खंडणी वर्षानुवर्षं भरावी लागली, गाव कंगाल झालं. त्याच वर्षी मे महिन्यात टिलीच्याच फौजेने माग्डेबुर्ग शहर जाळलं होतं, तिथे सुमारे वीस हजार माणसं मेली होती. म्हणजे या विनोदी गोष्टीच्या खाली खरी भीती आहे. नाटक काय करतं? त्या भीतीची पैज करून टाकतं. युद्ध एका हौशी सेनापतीच्या लहरीवर येऊन थांबतं.

गंमत अशी की गाव जसंच्या तसं राहिलं ते नुशच्या घोटामुळे नव्हे, गरिबीमुळे. युद्धानंतर व्यापार दुसरीकडे गेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतंत्र नगराचा दर्जा जाऊन ते बायर्नमध्ये विलीन झालं. इतर शहरं तट पाडून रस्ते रुंद करत होती, तेव्हा इथे पाडायलाही पैसा नव्हता. मग चित्रकार आले, रेल्वे आली, पर्यटक आले. नाटक नेमकं याच काळातलं आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

आता त्या दोन गल्ल्या. एकीचं नाव 'आनंदाची गल्ली'. माफीची बातमी नगराध्यक्षाला तिथे कळली, असं सांगतात. दुसरी 'ज्यूंची गल्ली'. तिथली काही घरं इ. स. १४०० च्या आसपासची आहेत, एका घराच्या तळघरात विधिस्नानाचं कुंडही आहे.

तेराव्या शतकात या गावात राबी मेइर बेन बारूख हे मोठे धर्मशास्त्री राहत. दूरदूरच्या ज्यू वस्त्यांतून त्यांच्याकडे प्रश्न येत. १२८६ मध्ये त्यांना पकडून राजाच्या कैदेत ठेवलं गेलं. सुटकेसाठी प्रचंड रक्कम द्यायला समाज तयार होता. परंपरा सांगते की राबींनीच नकार दिला. एकदा पैसे मिळाले की राज्यकर्त्यांना राबींना पकडण्याची चटक लागेल, हे त्यांचं कारण. १२९३ मध्ये ते कैदेतच वारले आणि त्यांचा देह परत मिळायला आणखी चौदा वर्षं लागली. नुश किंमत मोजून गाव वाचवतो, मेइर किंमत नाकारून लोकांना वाचवतात. आम्हाला विचाराल तर नाट्य या दुसऱ्या गोष्टीत जास्त आहे.

पुढे १२९८ च्या कत्तलीत इथले साडेचारशेच्या आसपास ज्यू मारले गेले. १५२० मध्ये उरलेल्यांना हाकललं आणि सिनेगॉगचं चॅपेल केलं. एकोणिसाव्या शतकात काही कुटुंबं परत आली. नाझी काळात हेच 'अस्सल जर्मन' गाव म्हणून मिरवलं गेलं, पक्षाच्या सहली इथे येत, वेशींवर ज्यूद्वेषी फलक लागले. ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्हणजे नोव्हेंबरच्या देशभरातल्या हल्ल्यांच्याही आधी, शेवटच्या सतरा ज्यूंना घालवून दिलं गेलं.

इथे आमचा मुख्य आक्षेप येतो. नाटक खोटं आहे, हा तो आक्षेप नाही. दंतकथा सगळीकडेच असतात. आक्षेप हा की नाटकात धोका नेहमी तटाबाहेरून येतो. गाव कायम निष्पाप, कायम वाचलेलं. तटाच्या आतल्या माणसांनी आतल्याच माणसांचं काय केलं, हे सांगायला त्या रचनेत जागाच नाही. आणि ज्या गावाला स्वतःची एवढी देखणी निरागस प्रतिमा हाताशी मिळते, ते कुणाच्याही प्रचाराला सहज उपयोगी पडतं.

१९४५ मध्ये एक खरी सुटका झाली, तीही सांगायला हवी. ३१ मार्चच्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा सुमारे चाळीस टक्के भाग गेला. त्यानंतर अमेरिकन अधिकारी जॉन मॅक्लॉय यांनी तोफा न डागण्याची विनंती केली. त्यांच्या आईला हे गाव प्रिय होतं. शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम असूनही तिथल्या जर्मन अधिकाऱ्याने गाव सोडलं. इथे पेला नाही, पैज नाही; एकाची आठवण आणि दुसऱ्याची हुकूमभंगाची तयारी. आज तटावरून चालताना पुनर्बांधणीला देणगी देणाऱ्यांची नावं दगडांवर दिसतात, जगभरातली.

गावाने सगळं लपवलं आहे असं मात्र कुणी समजू नये. संग्रहालयात ज्यूंच्या मध्ययुगीन समाधिशिला आहेत, १२९८ च्या बळींसाठी स्मृतिशिला आहे. पण चौकातल्या घड्याळाच्या खिडक्या ठरल्या वेळी उघडतात, तेव्हा दिसतात ते टिली आणि नुशच. शिळा शोधायला वाट वाकडी करावी लागते, घोट मात्र आपणहून समोर येतो. वारसा म्हणजे काय जपलं एवढंच नसतं. काय ठरल्या वेळी, सर्वांसमोर सांगितलं जातं, हेही असतं.

तेव्हा कधी गेलात तर घड्याळ जरूर बघा, टाळ्याही वाजवा. मग त्या दुसऱ्या गल्लीत जा. इथेच थांबतो.