वागळेच्या दुनियेतील पाहुणा

विनोदी मालिकेत नामवंत पाहुणा येतो, तो सहसा स्वतःचे नाव घेऊनच येतो. 'आय लव्ह लूसी' या अमेरिकी मालिकेच्या 1955 मधील 'एल. ए. ॲट लास्ट' या भागात विल्यम होल्डन हा चित्रपटनट विल्यम होल्डन म्हणूनच अवतरतो. त्याने आपल्याला ओळखू नये म्हणून लूसी खोटे नाक लावते. तो तिची सिगारेट पेटवू जातो आणि नाकच पेट घेते. पाहुण्याची कीर्ती प्रेक्षकाला आधीच ठाऊक असणे, ही या विनोदाची पूर्वअट होय.

'वागळे की दुनिया'च्या एका भागाबाबत नेमके उलट घडले आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली व कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका 1988 पासून दूरदर्शनवर दाखवली गेली. अंजन श्रीवास्तव यांनी साकारलेला वागळे हा मध्यमवर्गीय कारकून. या भागात त्याला एका मोटारीची धडक बसते. मोटार चालवणारा तरुण म्हणजे शाहरुख खान. त्याचा पहिला चित्रपट 'दीवाना' पुढे 1992 मध्ये आला. त्यामुळे मूळ प्रेक्षकाच्या लेखी प्रसंगाचा केंद्रबिंदू वागळेच होता. 'नामवंत पाहुणा' हे पद संहितेने दिलेले नाही. ते उत्तरकालीन प्रेक्षकाने बहाल केले आहे.

या बहालीची किंमत कोणती, हे फर्दापूरहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्याला सहज उमगावे. दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 मध्ये आपले नाव व तारीख कोरली. ते नाव एकदा ठाऊक झाले, की नजर आधी त्याचाच शोध घेते. चित्र मागे राहते. मात्र स्मिथने आपले नाव स्वतः कोरले होते. वागळेच्या गोष्टीवर तरुण नटाने काहीच कोरलेले नाही. तेथे कोरणारा हात प्रेक्षकाचा आहे.

हा बदल निरुपद्रवी नाही. त्या काळी कारकुनाच्या आवाक्याबाहेर असलेली मोटार आणि तिच्यासमोर सापडलेला सामान्य माणूस, असा त्या अपघाताचा सामाजिक अर्थ होता. सामान्य माणसाची छोटी आपत्तीही संपूर्ण भागाचा विषय होऊ शकते, हे या मालिकेचे मूल्य. पुढे लाभलेली कीर्ती प्रेक्षकाची दृष्टी पुन्हा मोटार चालवणाऱ्याकडेच वळवते. ही कीर्ती विसरून तो भाग पाहणे आता शक्य नाही. परंतु ती बाहेरून आलेली आहे, एवढे भान राखले तरी रस्त्यावर पडलेला वागळे पुन्हा दिसू लागतो.