अर्थशास्त्र: या नावात घर कुठे आहे?

आजचा विषय ऐकायला सोपा आहे. ज्याला आपण अर्थशास्त्र म्हणतो, त्याला जगातल्या इतर भाषा काय म्हणतात, ते शब्द आले कुठून, आणि आपला शब्द त्यांच्यात कुठे बसतो? पण नुसती यादी वाचून दाखवायची असती तर मी तुम्हाला इथे बसवून ठेवलं नसतं. या विषयावर दोन विधानं हमखास ऐकू येतात, ती मला तपासून पाहायची आहेत. पहिलं असं, की प्रत्येक भाषेच्या या शब्दात त्या समाजाचा स्वभाव दिसतो. दुसरं आपलं लाडकं: अर्थशास्त्र हा शब्द कौटिल्याचा, म्हणजे इकॉनॉमिक्स आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून होतंच. दोन्ही विधानं टाळ्या घेणारी आहेत, पण मला ती पटत नाहीत. का, ते सांगतो.

सुरुवात ग्रीकपासून करू, कारण इंग्रजी शब्द तिथून आला. 'ओइकोस' म्हणजे घर, घरदार. 'नेमेइन' म्हणजे वाटून देणं, व्यवस्था लावणं. दोन्ही मिळून 'ओइकोनोमिया', म्हणजे घराचा कारभार. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफोनने याच विषयावर एक संवाद लिहिला. त्यात इस्कोमाखोस नावाचा जमीनदार सांगतो, की त्याने आपल्या कोवळ्या वयाच्या बायकोला घर चालवायला कसं शिकवलं. कोठीत काय कुठे ठेवायचं, गुलामांकडून काम कसं करून घ्यायचं, आजारी गुलामांची काळजी कशी घ्यायची, हे सगळं त्यात आहे. ॲरिस्टॉटलने पुढे एक फरक केला. घर चालवण्याची विद्या वेगळी, आणि पैशातून पैसा मिळवत राहण्याची विद्या वेगळी. या दुसरीला शेवट नाही, म्हणून ती त्याला खटकत होती.

इथे लगेच भावुक व्हायचं कारण नाही. 'बघा, मूळ अर्थशास्त्र किती घरगुती होतं' असं म्हणताना त्या घरात गुलाम होते हे विसरता येत नाही. कारभार मालकाचा होता, आणि शिकवणी बायकोला होती. पण एक गोष्ट खरी, की घरातलं काम हे कामच आहे, त्याची विद्या असू शकते, हे त्या शब्दात गृहीत होतं.

घराची ही खूण इतरही भाषांत आहे. फिनिश भाषेत 'तालो' म्हणजे घर, त्यावरून 'तालोउस' म्हणजे अर्थव्यवस्था. हंगेरियनमध्ये 'गझ्दा' म्हणजे शेतीवाडीचा धनी, आणि त्यावरून अर्थव्यवस्थेचा शब्द. जर्मनमध्ये 'विर्ट' म्हणजे यजमान, खाणावळीचा मालक. त्यावरून 'विर्टशाफ्ट'. आजही त्या शब्दाचा एक अर्थ अर्थव्यवस्था आणि दुसरा अर्थ गावातला गुत्ता. (हशा)

मग घरातून हा शब्द देशात कसा गेला? १६१५ साली फ्रान्समध्ये आंत्वान द मोंक्रेतिएँ याने आपल्या ग्रंथाच्या नावात 'राजकीय अर्थव्यवस्था' असा जोडशब्द वापरला. म्हणजे राज्य हेच एक मोठं घर, आणि राजा त्याचा कारभारी. पुढे इंग्रजीतही 'पोलिटिकल इकॉनॉमी' रूढ झालं. १८७९ साली जेव्हन्सने सुचवलं की हे दोन शब्दांचं अवजड नाव सोडून सुटसुटीत 'इकॉनॉमिक्स' म्हणावं. १८९० साली मार्शलचा मोठा ग्रंथ त्याच नावाने आला आणि ते पक्कं झालं. राजकारण नावातून गेलं. घर उरलं, पण ग्रीक वेषात, म्हणजे कुणालाच ओळखू न येणारं.

आता पूर्वेकडे जाऊ. पहिलं विधान खरं आहे की नाही, ते तिथे नीट कळतं. चिनी भाषेत आज 'जिंगजी' म्हणतात. हे एका जुन्या शब्दबंधाचं संक्षिप्त रूप आहे, अर्थ साधारण असा: जगाची घडी बसवणं आणि लोकांना संकटातून तारणं. किती उदात्त! यावरून लगेच म्हटलं जातं, बघा, युरोपात घराचा हिशेब आणि चीनमध्ये लोककल्याण. पण हा शब्द या शास्त्रासाठी चीनने ठरवलेला नाही. जपानमध्ये तीच चिन्हं 'केइझाई' अशी वाचली जात. १७२९ साली दाझाई शुन्दाई याने 'केइझाइरोकु' नावाचा ग्रंथ लिहिला, तो एकूण राज्यकारभाराबद्दल आहे. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य पुस्तकं भाषांतरित करताना जपानी अभ्यासकांनी हा तयार शब्द नव्या शास्त्राला लावला, आणि तो नव्या अर्थासह चीनला परत गेला. चीनमध्ये ॲडम स्मिथचं भाषांतर करणाऱ्या यान फू यांना तो मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, हा शब्द फार मोठा आहे. त्यांनी 'जिशुए', म्हणजे हिशेबाचं शास्त्र, असं नाव दिलं. ते हरलं. आज चिनी विद्यार्थी जो शब्द वापरतो, तो जपानमधून फिरून आलेला आहे.

अरबीत बघा. 'इक्तिसाद' म्हणजे मध्यम मार्ग, काटकसर. अल-गझालींच्या एका प्रसिद्ध ग्रंथाच्या नावात हा शब्द आहे, आणि तो ग्रंथ धर्मश्रद्धेतल्या मध्यममार्गाबद्दल आहे. रुपयापैशाशी त्याचा संबंध नाही. हाच शब्द घेऊन कवी इक्बाल यांनी १९०४ साली उर्दूत या शास्त्रावर 'इल्म-उल-इक्तिसाद' लिहिलं. पण आजच्या उर्दूत जास्त चालतो तो 'मआशियात', म्हणजे उपजीविकेचं शास्त्र. हिब्रूत 'कल्कला' म्हणतात. त्या धातूचा अर्थ पोसणं. बायबलमध्ये दुष्काळात योसेफ आपल्या बापाला आणि भावांना पोसतो, तिथे हेच क्रियापद आहे. आणि थाई भाषेत? 'सेत्थसात'. यातला 'सात' म्हणजे आपलं शास्त्र, आणि 'सेत्थ' संस्कृत 'श्रेष्ठ'वरून आलेला. त्याच घरातल्या 'श्रेष्ठी'पासून आपला शेठ आला. म्हणजे बँकॉकच्या विद्यापीठात शेठच्या भाऊबंदांचं शास्त्र शिकवलं जातं म्हणा ना. (हशा)

हे सगळे शब्द एका रांगेत ठेवले की काय दिसतं? समाजाचा स्वभाव वगैरे नाही. दिसते ती भाषांतरकाराची पंचाईत. परकं शास्त्र दारात उभं आहे, त्याला नाव हवंय, हाताशी जुने शब्द आहेत. कुणी राज्यकारभाराचा घेतो, कुणी काटकसरीचा, कुणी पोसण्याचा. मग शाळा, सरकार, छापखाने यांच्या रेट्यात एक टिकतो. प्रत्येक नाव हा एक निर्णय आहे. आणि निर्णय म्हटला की काय घेतलं आणि काय टाकलं, हे विचारता येतं.

आता मराठीकडे. इथे आपलं नशीब चांगलं आहे, कारण हा निर्णय होताना आपल्याला अगदी जवळून पाहता येतो. सहा-सात वर्षांत या शास्त्राच्या तीन पुस्तकांना तीन नावं मिळाली. १८४९ साली लोकहितवादींचं 'लक्ष्मीज्ञान'. १८५४ साली हरी केशवजींचं 'देशव्यवहार व्यवस्था'. १८५५ साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं 'अर्थशास्त्र परिभाषा'. हे तेच कृष्णशास्त्री, ज्यांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या.

या तीन नावांकडे समीक्षकाच्या नजरेने पाहू. 'लक्ष्मीज्ञान' ऐकताक्षणी कळतं. घरातल्या आजीलाही कळेल. पण लक्ष्मी म्हटली की ती येते आणि जाते, प्रसन्न होते आणि रुसते. ज्या शास्त्राला सांगायचंय की संपत्ती श्रमातून आणि व्यापारातून नियमाने तयार होते, त्याला देवीचं नाव देणं थोडं अडचणीचंच. आणि तरीही लोकहितवादींनी ते दिलं, कारण त्यांना वाचक हवा होता. 'देशव्यवहार व्यवस्था' हे माझ्या मते तिघांत सगळ्यात नेमकं. व्यवहार म्हणजे माणसामाणसांतली देवाणघेवाण. देश म्हणजे इंग्रजी नावातलं ते 'पोलिटिकल'. व्यवस्था म्हणजे लावलेली घडी. मूळ नावाचा एकही धागा सुटलेला नाही. फक्त बोलताना धाप लागते.

आणि 'अर्थशास्त्र'. छोटं, भारदस्त. शिवाय त्याला हवे तेवढे फाटे फुटतात: आर्थिक, अर्थमंत्री, अर्थसंकल्प, अर्थव्यवस्था. 'देशव्यवहारिक संकल्प' कोण म्हणणार? ते नाव जिंकलं याचं मोठं कारण मला हेच वाटतं. पण जिंकताना त्याने दोन गोष्टी बाहेर ठेवल्या. देश गेला आणि व्यवहार गेला. उरला अर्थ, आणि बोलीत अर्थ म्हणजे पैसा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जे इंग्रजी व्याख्यान दिलं, त्याचा विषय हिंदी 'पोलिटिकल इकॉनॉमी' हा होता. या शास्त्राचे नियम देशकालाप्रमाणे बदलतात, इंग्लंडचे गृहीत इथे जसेच्या तसे चालणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा. गंमत बघा, 'देशव्यवहार' या नावात तो मुद्दा आधीच होता.

आता दुसरं विधान, कौटिल्याचं. तारखा बघा. चिपळूणकरांचं पुस्तक १८५५ चं. कौटिल्याच्या ग्रंथाचं हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती आलं १९०५ साली, आणि ते छापलं गेलं १९०९ साली. म्हणजे मराठीत इकॉनॉमिक्सला अर्थशास्त्र हे नाव मिळालं, तेव्हा कौटिल्याचा ग्रंथ वाचायला उपलब्धच नव्हता. नाव माहीत होतं, ग्रंथ नव्हता. पुढे ग्रंथ सापडला आणि नाव तेच निघालं, म्हणून आपण म्हणू लागलो की हा इकॉनॉमिक्सचा ग्रंथ. पण उघडून बघितलं तर त्यात हेर आहेत, किल्ले आहेत, शत्रूत फूट कशी पाडायची ते आहे, न्यायनिवाडा आहे. पंधरा अधिकरणांचा हा राज्य मिळवण्याचा आणि राखण्याचा ग्रंथ आहे. शेती, पशुपालन आणि व्यापार यांच्या विद्येला कौटिल्य वेगळंच नाव देतो: वार्ता. हो, वार्ता. वृत्ती म्हणजे उपजीविका, त्या कुळातला शब्द. आज आपण तो बातम्यांना देऊन टाकलाय.

मग कुणी विचारेल, नावाने एवढा काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सरळ नाही.

घरकामाचं उदाहरण घेऊ. देशाचं एकूण उत्पन्न मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत, त्यांत घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणं, हे विनामोबदला असेल तर धरलं जात नाही. तेच काम पगारी बाईने केलं की धरलं जातं. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ साली यावर आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत दिसलं, की सहा वर्षांवरच्या बायकामुलींपैकी ८१.२ टक्के दिवसभरात असं विनामोबदला घरकाम करतात, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यांचा रोजचा सरासरी वेळ: बायकांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास, आणि देशाच्या हिशेबात शून्य.

हे मराठी नावामुळे झालं का? मुळीच नाही. इंग्रजीच्या तर नावातच घर आहे, तरी तिथेही मोजत नाहीत. म्हणून नाव धोरण ठरवतं असं मी म्हणणार नाही. पण नाव एक गोष्ट करतं. तक्रार करायला जागा देतं, किंवा देत नाही. ग्रीक जाणणारा टीकाकार म्हणू शकतो, 'तुमच्या शास्त्राचं नावच घराचा कारभार, आणि तुम्ही घरच विसरलात.' मराठीत हीच तक्रार केली की समोरचा सहज म्हणतो, 'अहो, पण घरकामाचे पैसे कुठे मिळतात? मग ते अर्थशास्त्रात कसं येईल?' नावच त्याच्या बाजूने साक्ष देतं. आणि आपण घर परत आणलं ते कसं? 'गृहअर्थशास्त्र' म्हणून, मुलींसाठी वेगळा विषय. मूळ ग्रीक धरलं तर त्याचा अर्थ होतो 'घराच्या घरकारभाराचं शास्त्र'. म्हणजे आधी घर बाहेर काढलं, आणि मग मागच्या दाराने स्वयंपाकघरात बसवलं.

नाव बदला असं मी सुचवत नाही. पावणेदोनशे वर्षं रुळलेला शब्द व्याख्यानाने बदलत नाही, आणि बदलायची गरजही नाही. कारण उपाय त्याच शब्दात आहे. कौटिल्य ग्रंथाच्या शेवटी अर्थाची व्याख्या देतो. त्याचा आशय असा, की माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ, आणि माणसांनी वसलेली भूमी म्हणजे अर्थ. पैसा हा शब्द तिथे येत नाही. ज्यांना कौटिल्याचा अभिमान आहे त्यांना माझी विनंती एवढीच, की त्याचं वय सांगत फिरण्यापेक्षा ही व्याख्या मनावर घ्या. माणूस ज्यावर जगतो ते सगळं जर अर्थ असेल, तर पहाटे पेटलेला गॅस आणि भरलेला डबा त्यात येतोच. मग ती २९९ मिनिटं शास्त्राच्या बाहेर ठेवायला शब्दाचा आधार उरत नाही. दुसरं कारण द्यावं लागेल, आणि ते कारण आपल्याला तपासता येईल.

तेव्हा पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी 'अर्थव्यवस्था इतके टक्के वाढली' असं ऐकाल, तेव्हा अर्थ कुठला धरलाय, पैसा की उपजीविका, हे जरूर विचारा. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.