नियम कडक, पण तपासणार कोण?

गोरेपणा देणाऱ्या काही क्रीमच्या खोक्यावर ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असते. दागिना खराब होऊ नये म्हणून ती लिहिली असावी, असे ग्राहकाला वाटते. रसायनशास्त्र शिकलेल्याने मात्र येथे थांबायला हवे. सोन्याचांदीत चटकन मिसळणारा धातू म्हणजे पारा. अशी सूचना पाऱ्याची खूण असू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

क्रीममध्ये पारा कशासाठी घालतात? त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज हे विकर लागते. पाऱ्याचे क्षार त्याचे काम रोखतात व त्वचा उजळ दिसते. पण पारा त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. मग लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात, अंगावर सूज येते. अकोल्याच्या एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे अशीच बिघडली. त्या ब्युटी पार्लरमधून घेतलेले क्रीम लावत होत्या. क्रीममधील पारा हे कारण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात उघड झाले आणि २०२३ साली ही बातमी वृत्तपत्रांत आली.

मग कायदा नव्हता का? होता. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत १ भागापेक्षा अधिक चालत नाही. २० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये हे प्रमाण केवळ ०.०२ मिलिग्रॅम होते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापणेही बंधनकारक आहे.

नियमात खोट काढण्यासारखे फारसे नाही. उणीव आहे ती तपासणीत. ०.०२ मिलिग्रॅम पारा डोळ्यांना दिसत नाही, वासाने कळत नाही. प्रयोगशाळा हाताशी नसेल तर हा आकडा कागदावरच राहतो आणि तपासणी अखेर रुग्णाच्या शरीरात होते. २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने गोरेपणाची ३२ क्रीम तपासली, तेव्हा १४ मध्ये पारा आढळला. हे काम एका स्वयंसेवी संस्थेला करावे लागले, हे लक्षात घ्यावे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चे कलम २६ फार थोड्यांना ठाऊक असते. विकत घेतलेले प्रसाधन ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा व त्याच्या सहीचा अहवाल मिळवण्याचा हक्क त्याने कोणाही नागरिकाला दिला आहे. पण खेड्यातील मुलगी पन्नास रुपयांच्या डबीसाठी एवढी खटपट कशी करणार?

नांदेडजवळ विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी पाऱ्याची प्राथमिक चाचणी अल्प शुल्कात करून द्यावी आणि संशयित नमुने शासकीय विश्लेषकाकडे पाठवावेत. कायद्याने अहवाल त्याचाच ग्राह्य धरला जातो. पण संशय लवकर आला तर मूत्रपिंडे वाचतील. आमदारांकडे रस्ता मागतो, तशी ही सोयही मागायला हवी.

पाऱ्याची चाचणी शाळेत करू नये. रिकामी खोकी मात्र वर्गात आणता येतील. परवाना क्रमांक आहे का, घटक छापले आहेत का, हे विद्यार्थ्यांनी तपासावे. तेव्हाच हेही सांगावे की सावळा रंग हा रोग नव्हे, त्याला औषध लागत नाही.