पंडिता रमाबाईंचीं पत्रें : आज्ञापालन आणि श्रद्धा

ख्रिस्ती धर्मांत श्रद्धा मोठी कीं आज्ञापालन मोठें, हा वाद त्या धर्माइतकाच जुना आहे. पौलापासून लूथरपर्यंत आणि लूथरपासून आजपर्यंत त्यावर जे ग्रंथ झाले ते एका जन्मांत वाचून संपावयाचे नाहींत, आणि त्या ग्रंथसागरांत उतरण्याचा आमचा विचारही नाहीं. परंतु हाच वाद एका मराठी स्त्रीच्या आयुष्यांत, तिच्या जेवणाच्या ताटापासून थेट ईश्वराच्या स्वरूपापर्यंत, कसा लढला गेला याचा एक अस्सल दस्तऐवज आपल्याजवळ आहे. तो जितका वाचला जावा तितका आपल्या सुशिक्षित घरांतून वाचला जात नाहीं असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा दस्तऐवज म्हणजे पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार. पत्रें इंग्रजींत आहेत. इंग्लंडांतील वाँटेज येथल्या मठांतील सिस्टर जेराल्डिन यांनीं तीं जपून ठेविलीं, क्रमानें लाविलीं आणि मधून मधून आपले अभिप्रायही जोडले. पुढें पुष्कळ काळानें, १९७७ सालीं, अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें त्यांचें पुस्तक काढलें. रमाबाईंविषयीं आपल्याकडे दोन प्रकारचीं मतें पूर्वीपासून चालत आलीं आहेत. एका पक्षाच्या मतें ही विदुषी मिशनऱ्यांच्या जाळ्यांत सांपडलेली बिचारी. दुसऱ्याच्या मतें ती निःशंक, निष्कलंक भक्तीण. हीं पत्रें वाचल्यावर दोन्ही चित्रें भिंतीवरून उतरवून ठेवावीं लागतात.

प्रथम रमाबाईंच्या बाळपणाकडे थोडें वळलें पाहिजे, कारण या वादाचीं मुळें इंग्लंडांत नसून तेथें आहेत. १८५८ सालीं जन्मलेली ही मुलगी अनंतशास्त्री डोंगरे यांची. शास्त्रीबोवांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें आणि पत्नीनें मुलीस. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडे आणि देवळांत, नदीच्या घाटावर बसून पुराणें वाची. पुढें ख्रिस्ती झाल्यावर लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनांत रमाबाईंनीं या पुराणवाचनाचें जें वर्णन केलें आहे तें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. वाचन संस्कृतांत चाले. श्रोत्यांस त्याचा अर्थ सांगण्याची चाल नव्हती. शब्द कानांवर पडले कीं पुण्य पदरांत पडलें, अशी सर्वांची समजूत. पुढें १८७४ ते १८७७ च्या दरम्यान दक्षिणेंत दुष्काळ पडला. उपास, व्रतें, दानें, अनुष्ठानें, जें जें म्हणून शास्त्रानें सांगितलें तें तें या माणसांनीं केलें. हातांतला शेवटचा पैसा धर्मकृत्यांत घातला. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास मागें उरले, आणि पायीं हिंडत हिंडत १८७८ सालीं तीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं तोंवर दोघांचीही जुन्या देवांवरील श्रद्धा जवळ जवळ उडून गेली होती. आज्ञा अक्षरशः पाळून जिनें श्रद्धा गमावली, अशी ही स्त्री पुढें पांच वर्षांनीं वाँटेजच्या मठाच्या दारांत उभी राहिली, हें विसरून तिचीं पत्रें वाचूं नयेत.

मराठींत ‘ऐकणें’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. आपण कीर्तन ऐकतों, आणि पोरगें कोणाचें ऐकत नाहीं अशी तक्रारही करितों. मौजेची गोष्ट ही कीं, नव्या करारांतील ज्या ग्रीक शब्दाचें आपण ‘आज्ञापालन’ असें जड भाषांतर करितों तो शब्दही ऐकण्याच्या धातूपासूनच निघालेला आहे, आणि लॅटिनांतही तसेंच आहे. ‘आज्ञापालन’ म्हटलें कीं धनी आणि चाकर डोळ्यांपुढें येतात. ‘ऐकणें’ म्हटलें कीं एक बोलणारा आणि एक समजून घेणारा. रमाबाई व जेराल्डिन यांचा सारा झगडा या दोन चित्रांचा आहे असें म्हटलें तरी चालेल.

१८८३ सालीं रमाबाई आपली लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षीं सप्टेंबरच्या २९ तारखेस दोघींनींही वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या लिखाणानें आपल्या बुद्धीची खात्री पटविली असें रमाबाईंनीं स्वतः म्हटलें आहे. ‘बुद्धीची’ हा शब्द महत्त्वाचा. त्या वादांत पटून आल्या होत्या. कोणाच्या धाकानें किंवा लोभानें आल्या नव्हत्या. उलट वाँटेजच्या भगिनींचा मठ इंग्लंडच्या चर्चमधील त्या शाखेचा, जिला जुनी शिस्त, जुने विधि आणि धर्मगुरूंचा अधिकार यांची विशेष ओढ होती. मठांत राहणाऱ्या स्त्रीनें दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन हीं तीन व्रतें घेतलेलीं असत. आणि त्यांतलें तिसरें सर्वांत कठीण, कारण पहिल्या दोहोंत मनुष्य आपली वस्तु सोडतो, तिसऱ्यांत आपली इच्छाच सोडतो. जेराल्डिन यांस वाटे कीं, आधीं मान लवावी, मग श्रद्धा आपोआप रुजते. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यांत तसें घडलेंही असेल.

१८८५ सालच्या पत्रांत ठिणगी पडते. आरंभ क्षुल्लक. अंडें घातलेलें पुडिंग रमाबाई खात नसत. जेराल्डिन यांस त्यांत जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंचें उत्तर मोठें तिखट आहे. आपल्या पुडिंगांत आणि दुधालोण्यांत कोणास आपला गर्व दिसत असेल तर खुशाल दिसो, असें म्हणून त्या विचारतात कीं, हिंदुस्थानांत राहणारी इंग्रज बाई आपल्या चालीरीति सोडीत नाहीं तेव्हां तिला कोणी गर्विष्ठ म्हणतें काय? पुढें गळ्यांत घालावयाच्या क्रुसाचा प्रश्न निघाला. त्यावर लॅटिन अक्षरें होतीं. रमाबाईंस तेथें संस्कृत हवें होतें. संस्कृतापेक्षां लॅटिन अधिक पवित्र कां, आणि हिंदुस्थानांतील ख्रिस्ती माणसानें आपल्यास न समजणारीं अक्षरें छातीवर कां वागवावीं? न समजणाऱ्या पवित्र शब्दांचा अनुभव या बाईस घाटावरच्या पुराणांत पुरेसा आलेला होता! मग आणखी एक प्रसंग आला. रमाबाईंनीं तरुण पुरुषांस शिकवावें अशी सूचना पुढें येतांच मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनीं नापसंती दर्शविली. हिंदुस्थानांत याचा अनर्थ होईल, असें त्यांचें म्हणणें. ज्या गोष्टीस आपल्या सनातनी पित्यानें हरकत घेतली नाहीं, आपल्या पतीनें घेतली नाहीं, तिला इंग्रज धर्माधिकाऱ्यांनीं घ्यावी याचें रमाबाईंस नवल वाटलें, आणि आम्हांसही वाटतें.

परंतु खरा गाभा याहून खोल आहे. देवाच्या त्रैक्याचा सिद्धांत, आणि अथानासियसच्या नांवावर चालणारा तो कडक विश्वासांगीकार, हीं रमाबाईंच्या बुद्धीस पटत ना. आणि मनोरमेस लहान वयांत हीं मतें पढवावीं हेंही त्यांस मान्य नव्हतें. जेराल्डिन यांनीं विनयाचा उपदेश केला, आत्मवंचनेचा आरोप केला, बाप्तिस्म्याच्या वेळीं दिलेल्या वचनाची आठवण दिली. त्यावर १२ मे १८८५ चें रमाबाईंचें उत्तर या संग्रहाचें शिखर होय. त्याचा आशय असा कीं, भारतांतील पुरोहितवर्गाचें जूं आपण मोठ्या कष्टानें मानेवरून काढलें आहे. धर्मगुरु सांगतील तें सर्व परमेश्वराचीच आज्ञा म्हणून मान्य करण्याचें दुसरें जूं आपण तूर्त घेणार नाहीं. आणि देवाच्या वचनाचें पालन ही एक गोष्ट, केवळ धर्मगुरूंचें पालन ही अगदीं वेगळी गोष्ट. येथें कोणी म्हणेल, हें आज्ञाभंगाचें समर्थन झालें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यास आज्ञा मोडावयाचीच आहे तो ती कोणाची आहे हें इतक्या बारकाईनें विचारीत बसत नाहीं. रमाबाईंचा आग्रह आज्ञा सैल करण्याचा नव्हता. ती जेथून आली असें सांगतात तेथूनच आली कीं काय, हें पाहण्याचा होता. दुष्काळांत दोन्ही डोळे मिटून आज्ञा पाळल्यानें काय होतें हें त्यांनीं पाहिलें होतें.

जेराल्डिन यांस या कथेंतील खलनायिका करणें सोपें आहे, आणि अलीकडे तसें करण्याकडे कल दिसतो. तो अन्याय आहे. रमाबाई त्यांस लाडानें ‘आजीबाई’ म्हणत, आणि पत्रांत वाद कितीही चिघळला तरी हें संबोधन बहुधा सुटत नाहीं. दुसरें असें कीं, पत्रसंग्रह करणारा सहसा आपली बाजू उजळ दिसेल अशीं पत्रें ठेवितो, बाकीचीं चुलींत घालितो. या मठवासिनीनें, जिचा वादांत आमच्या मतें सरळ पराभव झाला आहे, प्रतिपक्षाचें एकेक जळजळीत पत्र जतन केलें, आणि आपलीं उत्तरेंही. तिच्या टिपणांत दुखावलेपण आहे, क्वचित् कडवटपणाही आहे, लपवाछपवी नाहीं. चेल्टनमच्या विद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील यांनीं हें प्रकरण अधिक शहाणपणानें हाताळलें. त्यांनीं आज्ञा केली नाहीं. शंकेस शंका म्हणून उत्तरें दिलीं, ग्रंथ सुचविले, वाट पाहिली. रमाबाईंच्या त्यांना लिहिलेल्या पत्रांतील सूर लगेच बदलतो, तो काय उगीच?

येथपर्यंत आमची सहानुभूति कोठें आहे हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. तरी एक अडचण उरते, आणि ती टाळून चालणार नाहीं. रमाबाई १८८९ सालीं स्वदेशीं परतल्या, मुंबईस शारदासदन उघडलें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९१ च्या सुमारास त्यांस जो आंतरिक अनुभव आला त्याविषयीं त्या स्वतःच लिहितात कीं, तोंपर्यंत आपल्यास ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. म्हणजे १८८५ चीं तीं तेजस्वी पत्रें लिहितांना त्यांच्या अंतःकरणास शांति नव्हती, हें त्यांच्याच तोंडचें वाक्य झालें. मग ‘मी सांगत नव्हतें काय?’ असें जेराल्डिन यांनीं म्हणावयास हरकत कोणती? आम्हांस वाटतें, उणीव त्यांनीं बरोबर ओळखली होती. औषध चुकलें होतें. बुद्धीला पटलेलें आणि जिवाला भिडलेलें यांत जें अंतर आहे तें वरून हुकूम सोडल्यानें तुटत नाहीं. रमाबाईंचें तें आठ वर्षांनीं तुटलें, आणि तेंही मठापासून दूर, कोणी मान धरून लवविल्यावांचून. १८९३ सालीं पुण्यांत शारदासदनावर धर्मांतराचा आरोप होऊन भांडारकर, रानडे यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, तेव्हांही बाई डगमगल्या नाहींत त्या या नव्या आधारावर. त्यापुढील मुक्तिसदनाची हकीकत, १८९६-९७ च्या दुष्काळांत आणलेल्या शेंकडों मुली, १९०५ मधील तेथील प्रार्थनेची लाट, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. एवढें मात्र म्हणावेंसें वाटतें कीं, केडगांवच्या त्या घरांतील शिस्त चांगलीच कडक होती, आणि तेथल्या एखाद्या मुलीनें वाँटेजच्या रमाबाईंसारखीं पत्रें आपल्या रमाबाईंस लिहिलीं असतीं तर काय झालें असतें, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

शेवटीं बायबलाच्या भाषांतराविषयीं. आयुष्याचीं अखेरचीं वर्षें रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठींत उतरविण्यांत घालविलीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. तो मुक्तिसदनांतच छापला गेला आणि त्याचे खिळे जुळविण्यांत तेथल्या बायकांचा हात होता. वाङ्मय या दृष्टीनें पाहतां हें भाषांतर आम्हांस फारसें सरस वाटत नाहीं. मूळ शब्दामागून शब्द असा हट्ट धरल्यानें वाक्यें ठेंचाळतात. मराठी कानास जो ओघ हवा तो ठिकठिकाणीं तुटतो. मंडळ्यांतून चालू असलेलें जुनें भाषांतर त्यामुळें मागें पडलें नाहीं यांत नवल नाहीं. जिनें बिशपांस दिली नाहीं ती शरणागति तिनें मूळ ग्रंथाच्या अक्षरास दिली, आणि तिच्या गद्यानें त्याची किंमत भरली. परंतु हें भाषांतर पंडितांसाठीं नव्हतेंच. जुन्या धर्मग्रंथांतील अर्थांची छाया ज्यांवर आहे असे भारदस्त शब्द त्यांनीं निवडून निवडून वगळले. खेड्यांतून आलेल्या, नुकत्याच अक्षरें ओळखूं लागलेल्या बायांस कळेल तेवढेंच ठेविलें. १८८५ सालीं लॅटिनच्या जागीं संस्कृत मागणारी सरस्वती म्हातारपणीं आपल्याच लेखणींतून संस्कृत काढून टाकीत बसली होती.