फॉर्म बदलला, जेवणाचे गट तेच

एका कॉलेजातल्या समावेशन कार्यशाळेत मी निरीक्षक म्हणून बसले होते. सकाळी पूर्वचाचणी, जेवणाआधी उत्तरचाचणी. ‘जात बघून मैत्री करू नये’ या विधानापुढे सकाळी काही जणांनी ‘असहमत’ लिहिलं होतं, दुपारी जवळपास सगळेच ‘पूर्ण सहमत’. मी खूश, डेटा मिळाला! मग डबे उघडले. कोण कुणाजवळ बसलं, ते सकाळसारखंच.

माझा पहिला सिनॉप्सिस या फॉर्मवरच उभा होता. गाईडनी विचारलं, “मुलं बदलली, की त्यांना बरोबर उत्तर कळलं?” सिनॉप्सिस परत लिहावा लागला.

हा प्रश्न गंभीरपणे घेणारा एक अभ्यास तुम्ही जरूर वाचा. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांचा हा लेख २०२२ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळा घेतल्या. त्यातल्या काहींची यादृच्छिक निवड करून तिथे ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने स्त्री-पुरुष समानतेवर वर्गात चर्चा घेतल्या, त्याही दोन वर्षांहून जास्त काळ. आपल्याकडची अर्ध्या दिवसाची कार्यशाळा आणि हे, यांची तुलनाच होत नाही.

निष्कर्ष काय? समानतेविरुद्धच्या मतांपैकी साधारण १६ टक्के मतं बदलली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो परिणाम टिकला. संशोधकांना खूश करणारी उत्तरं मिळतील, ही शंका त्यांनाही होती. म्हणून चांगलं दिसण्यासाठी उत्तर देण्याची कुणाची किती प्रवृत्ती आहे, हे त्यांनी आधीच मोजून ठेवलं. अशा मुलांमध्येच परिणाम जास्त दिसतो का, तेही तपासलं. तसं दिसलं नाही.

इथपर्यंत कौतुक. आता माझी तक्रार. वागणुकीतला बदल मुख्यतः मुलांनी स्वतःच सांगितलेला आहे. ‘मी घरकामात मदत करतो’ हे वाक्य बोलायला भांडी घासावी लागत नाहीत. जिथे मुलांना प्रत्यक्ष काही करायचं होतं, म्हणजे हुंडाविरोधी निवेदनावर सही किंवा मुलींनी शिष्यवृत्तीसाठी अर्ज, तिथला पुरावा कमकुवत आहे. लेखकांनी हे सारांशातच मान्य केलंय, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण या अभ्यासाचा दाखला देताना आपण १६ टक्के तेवढे उचलतो आणि हे वाक्य सोडून देतो.

मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात वेगळी वाट धरली. वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना त्यांनी क्रिकेटच्या एकाच संघात खेळवलं, आणि जातीबाहेरची मैत्री वाढली. समोरच्या संघात दुसऱ्या जातीचे खेळाडू असले, तर मात्र उलटा परिणाम दिसला. म्हणजे नुसतं एकत्र आणणं पुरत नाही. एकत्र आणून काय करायला लावलं, त्यावर सगळं अवलंबून.

तुम्ही या विषयावर प्रस्ताव लिहीत असाल तर फॉर्म जरूर ठेवा, पण एकटा ठेवू नका. मुलगा घरकाम करतो म्हणाला तर त्याच्या बहिणीलाही विचारा. सहा महिन्यांनी परत जा. आणि जेवणाच्या सुट्टीत वही बंद करू नका.