संख्येचे नाव आणि संख्येचे चिन्ह : गृहशिक्षणातील ऑनलाइन गणितपाठांची भाषिक समीक्षा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा मार्ग पत्करणारी कुटुंबे महाराष्ट्रात थोडी आहेत. परंतु त्यांच्यापुढील एक प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही आहे. भाषा, परिसर, हस्तव्यवसाय हे विषय पालक स्वतः हाताळतात. गणितासाठी मात्र पुष्कळदा ऑनलाइन कार्यक्रमाचा आधार घेतला जातो. या आधाराची चर्चा होते ती प्रायः वेळाच्या आणि मनोरंजनाच्या अंगाने : मुलाने पडद्यासमोर किती बसावे, कोणता कार्यक्रम अधिक चित्ताकर्षक आहे, इत्यादी. मूल ज्या भाषेत मोजते, त्या भाषेचे या कार्यक्रमांत काय होते, हा प्रश्न तीत सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न सहा ते आठ वर्षांच्या मराठीभाषक मुलापुरता विचारात घेतला आहे.

१

घरातील शिक्षण ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हे. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांना अक्षरओळख झाली ती शाळेत नव्हे; जोतीरावांनी त्यांना घरीच शिकविले, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. घर हे तेथे शाळेपर्यंत पोचण्याचे साधन होते. आजच्या गृहशिक्षणाची दिशा याच्या उलट आहे : शाळेचे दार उघडे असताना पालक ते नाकारतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात गृहशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. परीक्षेपुरता मुक्त विद्यालयांचा मार्ग मोकळा आहे. खंडाळ्यासारख्या तालुक्यातील बहुसंख्य कुटुंबांना घरच्या शिक्षणाचा अनुभव आला तो मात्र निवडीने नव्हे, तर मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्यामुळे. पाठ्यपुस्तकातील संकेतचिन्हावरून 'दीक्षा' या २०१७ साली सुरू झालेल्या शासकीय मंचावरील पाठ पाहणे त्या काळात अनेक घरांना परिचयाचे झाले. खान अकॅडमीसारख्या संस्थेचे गणितसाहित्यही मराठीत उपलब्ध आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ मूठभर हौशी पालकांचा राहिलेला नाही.

घरच्या गणिताची जुनी परंपरा मौखिक होती. संध्याकाळी परवचा, त्यानंतर पाढे, आणि पुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असा तिचा क्रम असे. या पाठांतरात अर्थबोध पुष्कळदा मागे राही, हे मान्य केले पाहिजे. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु तिचा एक गुण निर्विवाद होता : संख्या मुलाच्या मुखात असे. ऑनलाइन कार्यक्रमात ती मुलाच्या बोटाखाली असते. हा फरक वरवरचा नाही, हे मराठी संख्यानामांची घडण पाहिली असता ध्यानात येते.

२

मराठीत एकवीस ते अठ्ठ्याण्णव या नावांत एककाचा उच्चार आधी व दशकाचा नंतर होतो. लेखनात मात्र दशक आधी येतो. शिवाय एकच घटक निरनिराळी रूपे घेतो. 'दोन' हा अंक बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याण्णव येथे चार वेषांत भेटतो. 'पन्नास' बावन्नमध्ये 'वन्न' होतो, त्रेपन्नमध्ये 'पन्न'. 'साठ' बासष्टमध्ये 'सष्ट' होतो, 'सत्तर' बाहत्तरमध्ये 'हत्तर'. नऊ एकक असलेल्या संख्यांची रीत तर याहून वेगळी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची आठ नावे वजाबाकीवर उभी आहेत. 'एकोण' म्हणजे 'एकाने उणे'. नव्याण्णव हे मात्र बेरजेचे नाव. 'एकोणसाठ' ऐकणाऱ्या मुलाच्या कानी 'एक' आणि 'साठ' पडतात. लिहावयाचे असतात पाच आणि नऊ. त्याने ६१ लिहिले, तर तो त्याचा निष्काळजीपणा नसून ऐकलेल्या शब्दाशी राखलेली निष्ठा होय.

ही अडचण एकट्या मराठीची नाही. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारला जातो. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांनी ऐकलेल्या संख्या अंकांत लिहिताना केलेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलट क्रमाशी निगडित असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. याउलट कन्नडमध्ये एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', अर्थात 'वीस-एक'; दशक आधी, एकक नंतर. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारे मूल अंकांचा लेखनक्रम आपल्या भाषेतच ऐकते. खंडाळ्यातील मराठी मुलाला तो क्रम शब्दाविरुद्ध शिकावा लागतो. एकाच प्रदेशातील दोन मुलांपुढे गणित एकच, परंतु त्यात शिरण्याची दारे दोन आहेत.

३

या पार्श्वभूमीवर ऑनलाइन कार्यक्रमाचे स्वरूप पाहावे. त्याचे पूर्वज १९६० नंतरच्या दशकातले आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सुपीस यांनी लहान मुलांना संगणकाद्वारे अंकगणिताचा सराव देण्याचे प्रयोग तेव्हाच केले होते. उत्तर दिल्याबरोबर बरोबर की चूक ते कळणे, ज्याच्या त्याच्या गतीने पुढे जाणे आणि अचूक उत्तरांच्या प्रमाणावर पुढची पायरी ठरणे, ही त्या सरावाची लक्षणे आजही टिकून आहेत. त्यांचे मोल नाकारता येत नाही. शंभरदा विचारूनही यंत्र कंटाळत नाही, पालक कंटाळतो. घरी एकट्याने शिकणाऱ्या मुलाला सरावाची ही सोय खरोखर उपकारक आहे.

परंतु या सरावात उत्तर बहुधा अंकांच्या कळा दाबून द्यावयाचे असते. पडद्यावर ५९ दिसते, मूल ५९ दाबते. 'एकोणसाठ' हा शब्द न उच्चारता उदाहरण सुटते. कार्यक्रम इंग्रजी असेल, तर कानावर 'फिफ्टी-नाइन' पडते, आणि घरात आजी 'एकोणसाठ' म्हणते. वर्गात हा दुवा नकळत सांधला जातो, कारण तेथे तीस-चाळीस मुले मोठ्याने मोजत असतात. घरी शिकणाऱ्या मुलाला असा समुदाय नसतो. त्याच्या संख्याशब्दांचा उगम म्हणजे घरातील दोन-तीन माणसे. ती माणसे गणित पडद्यावर सोपवून मोकळी झाली, की संख्येचे नाव आणि संख्येचे चिन्ह यांतील अंतर भरून काढणारे कोणी उरत नाही.

अचूक उत्तरे ही समजुतीची खूण नव्हे, हे एर्लवांगर यांनी १९७३ साली दाखवून दिले. त्यांनी अभ्यासलेला 'बेनी' या टोपणनावाचा मुलगा स्वयंगतीने शिकण्याच्या एका छापील योजनेत उत्तम प्रगती करीत होता. बोलते केल्यावर आढळले, की दोन-दशांश या अपूर्णांकाचे दशांशरूप तो अंश व छेद यांची बेरीज करून १.२ असे सांगतो, आणि असे स्वतःचे नियम बनवून तो उत्तरपत्रिकेशी जुळवून घेत आला आहे. बेनीचा दोष योजनेला दिसला नाही, कारण ती त्याच्याशी कधी बोलली नाही. साधन कागदाचे असो वा काचेचे, ही मर्यादा तीच राहते.

४

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जो वाद झाला, त्याचे मर्म याच अंतरात होते. 'एकवीस' याच्या जोडीला 'वीस एक' असे वाचन त्या पुस्तकात सुचविले होते. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचा युक्तिवाद असा, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले अडखळतात. विरोधकांना त्यात भाषेची मोडतोड दिसली, आणि त्याचे पडसाद विधिमंडळातही उमटले. नारळीकरांचे निदान भाषिकदृष्ट्या अचूक होते, असे म्हणावे लागते. उपायाविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. नॉर्वेने १९५१ मध्ये शासनाच्या निर्णयाने दशक आधी उच्चारण्याची पद्धत स्वीकारली. तरी जुनी पद्धत तेथील बोलण्यातून आजतागायत नाहीशी झालेली नाही. पुस्तक शाळेला बांधील असते, घराची बोली नसते. म्हणून 'वीस एक' हा स्पष्टीकरणाचा टप्पा म्हणून इष्ट, नावाची जागा घेणारा पर्याय म्हणून दुबळा ठरतो.

दोन्ही पक्षांकडून एक गोष्ट निसटली. मराठी संख्यानामे अवघड आहेत, तशीच ती बोलकीही आहेत. 'एकोणसाठ' या शब्दातच साठातून एक वजा केलेला आहे. ५९ आणि २४ यांची बेरीज करताना साठ आणि चोवीस मिळून चौऱ्याऐंशी, त्यातून एक उणा म्हणजे त्र्याऐंशी, ही युक्ती शब्दाची फोड करणाऱ्या मुलाला आपसूक सापडू शकते. हीच रचना 'पावणे'ची. लोणंदच्या कांदाबाजारात 'पावणेदोनशे' ऐकणारे मूल दोनशेतून शंभराचा पाव भाग उणा करण्याची क्रिया ऐकत असते. 'सव्वाशे', 'दीडशे', 'अडीचशे' ही त्याची भावंडे. पडद्यावर यातले १७५ तेवढे उरते. घरी शिकविण्याचा खरा लाभ असा, की बाजार, स्वयंपाकघर आणि गणित यांच्यामध्ये तासिकेची भिंत नसते. आणि तोच लाभ मुक्या सरावाने हातचा जातो.

५

यावरून ऑनलाइन गणितपाठांच्या परीक्षणाची एक भाषिक कसोटी मांडता येते. कार्यक्रम मराठीत आहे काय, एवढे विचारणे पुरेसे नाही. भाषांतरित सूचनांखाली परक्या भाषेचा मोजणीक्रम सुखाने नांदू शकतो. संख्या मराठीत ऐकवून ती अंकांत लिहावयास लावणे, अंक दाखवून मुलाकडून नाव वदविणे, 'एकोण' आणि 'पावणे' यांची फोड करून दाखविणे, तसेच ६१ आणि ५९ यांची गल्लत ही साधी चूक न मानता वेगळी ओळखणे, या चार गोष्टी त्यात आहेत काय, ते पाहिले पाहिजे. ज्यात त्या नाहीत, तो कार्यक्रम सरावपुस्तक म्हणून वापरण्यास हरकत नाही. मात्र त्याच्या शेजारी बोलणारे माणूस बसलेले असावे.

ते माणूस गणितज्ञ असण्याची आवश्यकता नाही. उत्तर बरोबर आल्यानंतरही 'ही संख्या मोठ्याने म्हण, आणि तिला तसे का म्हणतात ते सांग' एवढा आग्रह धरणारे असले, म्हणजे पुरे. गृहशिक्षणाची जबाबदारी स्वीकारलेल्या घराने सराव यंत्राकडे खुशाल सोपवावा. संख्येला नाव देण्याचे काम मात्र त्याला स्वतःकडेच ठेवावे लागेल.