नेट्रिन : नाव आणि कार्य

गर्भाच्या मेरुरज्जूत काही तंत्रिका कोशिकांचे अक्षतंतू पाठीच्या बाजूकडून पोटाच्या बाजूकडे वाढत जाऊन मध्यरेषा ओलांडतात. त्यांना वाट दाखविणारे प्रथिन टेसिए-लाव्हीन्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली कोंबडीच्या गर्भमेंदूतून वेगळे केले आणि संस्कृत ‘नेतृ’ या शब्दावरून त्यास नेट्रिन असे नाव दिले. नाव समर्पक वाटले, तरी त्याने एक समजूत दृढ केली. मध्यरेषेवरील तलपट्टिका हे प्रथिन स्रवते, ते दूरवर पसरते व त्याच्या वाढत्या संहतीच्या रोखाने तंतू ओढला जातो, हेच चित्र पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ छापले गेले. त्यात कोशिकांमधील आधारद्रव्य म्हणजे जणू रिकामी जागा होय.

वस्तुतः नेट्रिनची रचनाच या समजुतीस अडचणीची होती. त्याच्या रेणूचा मोठा भाग लॅमिनिन या आधारद्रव्यातील प्रथिनाशी साम्य दाखवितो. १९९९ साली झेनोपस बेडकाच्या दृष्टिपटलातील तंतूंवर केलेल्या प्रयोगांत तर असे आढळले की, एरवी तंतूस आकर्षून घेणारे नेट्रिन, तंतूखाली लॅमिनिन असल्यास त्यास दूर सारते. लॅमिनिनमुळे तंतूच्या वाढत्या टोकातील चक्रीय एएमपीचे प्रमाण घटते आणि संदेशाचा अर्थच उलटतो. ज्याचा हुकूम पायाखालच्या जमिनीप्रमाणे बदलतो त्यास नेता कसे म्हणावे, हा प्रश्न तेव्हाच विचारला जावयास हवा होता.

२०१७ साली दोन स्वतंत्र गटांनी उंदरांच्या तलपट्टिकेतील नेट्रिन नाहीसे केले. तंतू तरीही मध्यरेषेस पोचले. मार्ग बिघडला तो मेरुरज्जूच्या पोकळीलगतच्या पूर्वज कोशिकांतील नेट्रिन काढल्यावर. या कोशिकांचे नेट्रिन रज्जूच्या बाह्य कडेशी साठून राहते व तीच कड तंतूंची वाट बनते. बीडजवळ कपिलधारेस पाणी कड्यावरून कोसळते, पण शेवाळ धरते ते ओल राखणाऱ्या खडकावर. तसाच हा प्रकार. मात्र २०१९ मधील संशोधनाने तलपट्टिकेचाही वाटा पुन्हा दाखवून दिला. जुने चित्र खोटे नव्हते, अपुरे होते.

संदेशाचा अर्थ घेणाऱ्यावरही अवलंबून असतो, या दृष्टीने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे यांच्या गटाचे २००८ मधील कार्य वाचण्याजोगे आहे. उंदराच्या गर्भमेंदूत एलएचएक्स२ हे जनुक नसलेल्या मध्यबाजूच्या कोशिका ‘हेम’ म्हणजे बाह्यकाच्या कडेची संदेश देणारी पट्टी बनल्या; आणि शेजारच्या, जनुक शाबूत असलेल्या ऊतकातून हिप्पोकॅम्पस घडला. संदेश देणारा कोण व घेणारा कोण, हे एकाच जनुकाच्या असण्या-नसण्यावर ठरले. निष्कर्ष महत्त्वाचा खराच; परंतु त्याचा रोख दात्यावर व ग्राहकावर आहे, दोहोंमधील माध्यमावर नाही. हेम जी व्हंट प्रथिने स्रवते त्यांना मेदाम्ल जोडलेले असल्याने ती मोकळेपणी विसरत नाहीत, आणि कोशिकांभोवतीच्या हेपॅरान सल्फेटाच्या शृंखला त्यांना धरून ठेवतात. शेजाऱ्यापर्यंत जाणारा संदेश किती दूर पोचेल, हे म्हणून हेमइतकेच त्या शृंखलांकडूनही तपासून घ्यावयास हवे.